टँगचे ठिपके गेले, आता डिस्प्लेत सोडू का?

बुडबुडा

नमस्कार मंडळी, क्यूटीबद्दल (क्वारंटाइन टँक, नवे समुद्री मासे वेगळे ठेवायचा) जरा सल्ला हवाय. पावडर ब्लू टँग आणि ओसेलारिस क्लाऊनची जोडी एकदमच आणली आणि सरळ क्यूटीत टाकली. क्यूटी साधाच आहे, शंभर लिटरचा, खाली वाळू नाही, दगड नाही, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे, स्पंज फिल्टर, हीटर आणि एक एअर स्टोन. पाणी २६ डिग्री, ग्रॅव्हिटी (खारेपणाचं माप) १.०२५. दोन-तीन दिवसांत टँगच्या परांवर आणि अंगावर पांढरे ठिपके दिसायला लागले, मोजता येतील असे, आणि तो पाइपला अंग घासत होता. आता औषध कुठलं द्यायचं हे शोधेपर्यंत ठिपके गायब! अंग एकदम स्वच्छ, नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) तर क्लिपमधून हिसकावून खातोय, रंग पण खुललाय. म्हणजे त्याने स्वतःच मात केली असं धरायचं का? डिस्प्लेत, म्हणजे मुख्य टँकमध्ये, सोडू का आता? तिकडे रॉयल ग्रामा आणि वॉचमन गोबी आहेत, कोरल पण आहेत, म्हणून धाकधूक वाटते. पण क्यूटीत तो काचेशी सारख्या येरझाऱ्या घालतो, बघवत नाही.

क्लाऊनचं वेगळंच काहीतरी चाललंय, मोठीच्या अंगावर पांढुरकं आल्यासारखं वाटतं, ठिपके मात्र नाहीत. स्ट्रेस असेल का?

स्किमरवाला

सोडू नकोस. क्लाऊनचं नंतर बघू, आधी टँगचं.

तू जे वर्णन केलंस ते इक म्हणजे क्रिप्टोकॅरिऑनशी तंतोतंत जुळतं, आणि ठिपके जाणं हा त्या आजाराचाच भाग आहे. तुला जो ठिपका दिसतो तो परजीवी माशाच्या वरच्या कातडीच्या आत बसून खात असतो, साधारण ३ ते ७ दिवस. पोट भरलं की तो आपणहून मासा सोडतो आणि खाली जाऊन काचेला, पाइपला, स्पंजला चिकटतो आणि स्वतःभोवती कवच करून घेतो. तुझा टँग स्वच्छ दिसतोय कारण पाहुणे जेवून उठलेत. आता त्या कवचाच्या आत एकाचे शंभर-दोनशे होतायत, आणि ते फुटायला कधी ३ दिवस लागतात कधी ४ आठवडे, सगळी एकदम फुटत नाहीत हीच खरी डोकेदुखी. फुटली की पिल्लं पोहत माशाला शोधतात, एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. पण शंभर लिटरात मासा सापडायला कितीसा वेळ लागणार, त्यामुळे दुसरी खेप पहिलीपेक्षा बरीच मोठी येते.

ती पिल्लं बाहेर पडतात बहुतेक पहाटेच्या अंधारात आणि माशांवरचे जुने परजीवी पण अंधारातच उतरतात. म्हणून सकाळी लाइट लावायच्या आधी टॉर्च तिरका धरून टँगच्या पारदर्शक परांकडे बघ, छातीचे पर विशेषतः. अंगाच्या निळ्या रंगावर जे चुकतं ते तिथे दिसतं. आणि परांवर काही नसलं तरी कल्ल्यांच्या आत असू शकतं, तिथलं आपल्याला बाहेरून दिसत नाही, फक्त श्वास वाढलेला कळतो.

तो नोरी ओढतोय हे चांगलंच आहे पण त्यावरून आजार नाही असं ठरत नाही. ज्या माशाने एक झटका सोसलाय त्याला काही महिने थोडी प्रतिकारशक्ती येते हे खरं आहे, पण तसा मासा स्वतः धडधाकट राहून दुसऱ्यांना देत राहतो. तुझा ग्रामा तयार आहे का त्याला?

कलकलाट

एवढं घाबरवू नका हो नवीन माणसाला 😀 माझ्याकडे सगळे मासे थेट डिस्प्लेत जातात, खाण्याला लसणाचा रस लावतो, दोन क्लीनर श्रिंप आहेत, पाणी शुद्ध करणारा मोठा यूव्ही दिवा आहे. ठिपके येतात जातात. मासा धष्टपुष्ट असला की काही होत नाही. क्यूटीच्या टेन्शननेच जास्त मासे मरतात.

स्किमरवाला

@कलकलाट शेवटच्या वाक्याशी अर्धा सहमत, वाईट चालवलेला क्यूटी खरंच मारतो, त्यावर खाली लिहितो. बाकीचं नाही. लसणाने मासा खायला येतो, कातडीखाली बसलेल्या परजीवीला त्याचं काय. श्रिंपचंही तेच, तो वरवरचं टिपतो, कातडीच्या आतलं उकरून काढत नाही. यूव्हीतून जी पिल्लं जातील ती मरतील पण जी थेट माशावर गेली ती गेली. हे सगळं मिळून संख्या आटोक्यात राहते, आजार टँकमध्येच राहतो. मोठ्या टँकमध्ये, दणकट माशांवर, कोणी ठरवून असं चालवत असेल तर ठीक, चालवतात लोक. पण पावडर ब्लूवर हा प्रयोग करू नका, इकच्या बाबतीत ह्या माशाचं नाव सगळ्यात आधी निघतं. शिवाय एक दिवस लाइट गेली किंवा हीटर अडकला की तीच 'आटोक्यातली' संख्या एका आठवड्यात सगळा टँक खाते.

आणि ज्या टँकमध्ये ठिपके 'येतात जातात' तिथून फ्रॅग (कोरलचा तुकडा) किंवा गोगलगाय कोणाला देत असाल तर सांगून द्या. कवचं शंखावर आणि फ्रॅगच्या प्लगवर पण चिकटलेली असतात.

प्रवाळताई

बुडबुडा, मला टँगपेक्षा तुझ्या क्लाऊनची जास्त काळजी वाटते. दोन-तीन गोष्टी सांग बघू. तो पांढुरका थर ठिकठिकाणी आहे की पट्टे पुसट झाल्यासारखा अंगभर? चिकट, लोंबल्यासारखा दिसतो का? श्वास कसा आहे, कल्ले टँगपेक्षा जलद हलतात का? खातेय का? आणि ती पाण्याच्या वर वर राहते की प्रवाहात तोंड करून उभी राहते? फोटो नसला तरी चालेल, लाइट बंद करून बाजूने टॉर्च मारून बघ आणि लिही.

बुडबुडा

ताई आत्ता बघून आलो. ठिकठिकाणी आहे, पाठीवर आणि शेपटीच्या जवळ, कातडी सोलून निघाल्यासारखी, एका जागी चिकट धागा लोंबतोय. नारिंगी रंग फिका पडलाय. वरच्या कोपऱ्यात तोंड करून असते, कल्ले खूप जलद चाललेत, टँगच्या दुप्पट तरी. काल खाल्लं होतं, आज तोंडात घेऊन थुंकलं. लहान क्लाऊन ठीक वाटतोय. मी कॉपर (तांब्याचं औषध) आणून ठेवलंय, सगळ्यांनाच देऊन टाकू का म्हणजे दोन्हीचं काम होईल?

प्रवाळताई

कॉपरने क्लाऊनचं काम होणार नाही. हे ब्रूकलिनेला दिसतंय, क्लाऊनमध्ये इतकं सर्रास की त्याला क्लाऊनफिश डिसीजच म्हणतात. ह्याच्यावर कॉपर चालत नाही आणि ह्याला इकसारखं खाली उतरून कवच वगैरे करायची गरजच नाही, माशावर बसल्या बसल्याच एकाचे दोन होत जातात. म्हणून ह्याचा वेग भयंकर असतो, उद्या बघू असं करू नकोस.

आजच दोन्ही क्लाऊन वेगळे काढ, लहान ठीक वाटत असला तरी. बादली चालेल, हीटर आणि हवा असली म्हणजे झालं. फॉर्मलिन मिळत असेल (३७ टक्क्यांचं) तर त्याची आंघोळ हा ह्यावरचा जुना आणि खात्रीचा उपाय. १० लिटर टँकच्याच पाण्यात दीड मिली, अर्धा ते पाऊण तास, माशाजवळून हलायचं नाही. पुस्तकात अडीच मिलीपर्यंत देतात पण पाणी गरम असलं की फॉर्मलिन जास्त कडक लागतं आणि तुझं २६ डिग्री आहे, म्हणून खालचाच आकडा धर. हवा जोरात सोड कारण फॉर्मलिन ऑक्सिजन ओढून घेतं. मासा आडवा पडला, उड्या मारायला लागला की लगेच बाहेर. आंघोळीनंतर जुन्या पाण्यात परत नाही टाकायचा, दुसरं ताजं तयार केलेलं खारं पाणी, धुतलेलं भांडं. एक दिवस सोडून असं तीनदा.

फॉर्मलिन हाताळताना खिडक्या उघड्या, हातमोजे, डोळ्यांना चष्मा, वास घेत बसायचं नाही, कॅन्सरकारक आहे ते. बाटलीच्या तळाशी पांढरा साका बसला असेल तर ती बाटली वापरायचीच नाही, तो साका माशाला फार विषारी. फॉर्मलिन मिळालंच नाही तर मेट्रोनिडॅझॉल पाण्यात देतात, जरा हळू चालतं पण काहीच न करण्यापेक्षा बरं. आणि फॉर्मलिन येईपर्यंत आत्ता लगेच ५ मिनिटांची गोड्या पाण्याची डिप देऊ शकतोस, आरओचं पाणी, तापमान आणि पीएच टँकइतकं करून, आधी हवा सोडून ठेवलेलं. आजार जाणार नाही पण अंगावरचा भार थोडा उतरतो, श्वास जरा मोकळा होतो.

मोठी इतकी धापा टाकतेय की वाचेलच असं सांगत नाही. लहानाला मात्र वाचवता येईल.

निळीशेपटी

ताई, श्वास जलद आहे म्हटल्यावर व्हेल्वेट (असाच दुसरा परजीवी आजार) पण असू शकतं ना? माझ्या डोक्यात आधी तेच आलं.

प्रवाळताई

बरोबर शंका आहे. व्हेल्वेटमध्ये पण आधी कल्लेच जातात आणि बऱ्याचदा अंगावर काही दिसायच्या आत मासा मरतो. पण तिथे अंगावर आलंच तर बारीक पिठी भुरभुरल्यासारखं येतं, टॉर्च तिरका मारला की सोनेरी-करडी झाक दिसते, सोललेली कातडी आणि लोंबणारा चिकटा नसतो. मासा उजेड टाळतो आणि पॉवरहेडच्या (प्रवाह करणाऱ्या पंपाच्या) तोंडाशी उभा राहतो. इथे चिकटा आहे, क्लाऊन आहे, म्हणून मी ब्रूकच म्हणेन. टँगला मात्र पिठी दिसली किंवा श्वास अचानक वाढला तर इक-बिक विसरा, व्हेल्वेट धरून चाला, तिथे दिवसांचा नाही तासांचा हिशोब असतो. सुदैवाने कॉपर दोन्हीवर चालतं.

स्किमरवाला

हां, आता कॉपर. बुडबुडा, बाटली कुठली आहे ते आधी बघ कारण आकडे त्यावर अवलंबून. चिलेटेड असेल, म्हणजे कॉपर पॉवर वगैरे, तर टार्गेट २.२५ ते २.५ पीपीएम. क्युप्रामिन असेल तर ०.५. एकाचा आकडा दुसऱ्याला लावला तर एक तर आजार जाणार नाही नाहीतर मासा जाईल. टेस्ट किट पण त्याप्रमाणे, चिलेटेड कॉपर मोजणारं हवं आणि कमी-जास्त रंग बघून अंदाज करायच्या किटपेक्षा डिजिटल चेकर खूप बरा. किट नसेल तर कॉपर घालूच नकोस, डोळे मिटून द्यायचं औषध नाही हे.

एका दिवसात पूर्ण नाही न्यायचं, दोन-तीन दिवसांत चढवत ने, टँग खातोय ना हे रोज बघत. टार्गेटला पोचला तो दिवस पहिला. तिथून ३० दिवस. मधे एकदा जरी चिलेटेडचा आकडा २ च्या खाली गेला तर मोजणी परत एकपासून, कारण कॉपर मारतं ते फक्त पोहणाऱ्या पिल्लांना, माशावरच्याला नाही आणि कवचातल्याला पण नाही. म्हणजे कवच ज्या दिवशी फुटेल त्या दिवशी पाण्यात पुरेसं कॉपर हजर पाहिजे, आणि तो दिवस कुठला हे आपल्या हातात नाही. दुसरा लोक वापरतात तो शॉर्टकट म्हणजे १४ दिवस पूर्ण डोसमध्ये ठेवून मग मासा दुसऱ्या पूर्णपणे कोऱ्या टँकमध्ये हलवायचा, तोवर माशावरचे सगळे उतरलेले असतात आणि पाण्यातलं कॉपर नवे बसू देत नाही. जुन्या टँकची कवचं जुन्याच टँकमध्ये राहिली. तुझ्याकडे दुसरा टँक, दुसरा हीटर, दुसरा स्पंज असेल तरच.

आता ते क्यूटीने मासे मरतात वालं. मरतात ते बहुतेक अमोनियाने. खाऱ्या पाण्याचा पीएच चढा असतो त्यामुळे थोडा अमोनिया पण जास्त विषारी पडतो, त्यात टँग खातो भरपूर आणि घाण पण भरपूर, आणि स्पंज नवा असला तर अमोनिया संपवणारे बॅक्टेरिया नाहीत. अमोनिया वाढला की हात आपोआप प्राइमच्या बाटलीकडे जातो, आणि इथेच घात होतो, कॉपर चालू असताना अमोनिया बांधणारी कुठलीच औषधं टाकायची नाहीत, त्याने कॉपरचं रूप बदलून ते माशालाच विषारी होतं. पाणी बदल, बदलीच्या पाण्यात तेवढंच कॉपर आधी मिसळून. फिल्टरमध्ये कार्बन असेल तर काढ. लाइव्ह रॉक, वाळू, कोरलचे तुकडे काहीच नको, ते कॉपर शोषून बसतात आणि तुझा आकडा रोज घसरतो.

निळीशेपटी

कॉपर नकोच असेल तर दोन रस्ते आहेत, फक्त इक असेल तरच हां. एक हायपो (पाण्याचा खारेपणा कमी करणं), म्हणजे ग्रॅव्हिटी १.००९ ला आणायची दोनेक दिवसांत, आणि शेवटचा ठिपका गेल्यावर महिनाभर तिथेच धरून ठेवायची. १.०११ झाली तर उपयोग नाही, म्हणून काटेवाल्या हायड्रोमीटरवर विसंबू नकोस, रिफ्रॅक्टोमीटर कॅलिब्रेट करून घे. पीएच घसरतो, लक्ष ठेवावं लागतं. परत वर नेताना मात्र आठवडाभर घे, खाली जाताना माशाला त्रास कमी होतो, वर येताना जास्त. व्हेल्वेटला ह्याने काहीच होत नाही, तो जवळजवळ गोड्या पाण्यात पण तग धरतो.

दुसरा रस्ता टँक ट्रान्सफर, मला स्वतःला हाच आवडतो कारण औषधच नाही. दोन टब, दर ७२ तासांच्या आत मासा एकातून दुसऱ्यात, असं चार वेळा, आणि मागे राहिलेला टब धुऊन पूर्ण वाळवायचा. माशावरून उतरलेला परजीवी फुटायच्या आत मासा तिथून निघून गेलेला असतो. जुनं पाणी बरोबर न्यायचं नाही, जाळी ओली न्यायची नाही. दोन्हीकडे तापमान आणि ग्रॅव्हिटी सारखी ठेवली की अ‍ॅक्लिमेट करत बसायला नको. पण पावडर ब्लू मोठा असेल तर दर तीन दिवसांनी त्याला पकडायचं म्हणजे शेपटीच्या काट्याशी गाठ! जाळीत अडकतो तो काटा आणि हात पण कापतो. भांड्याने पकड, जाळीने नको.

स्किमरवाला

ट्रान्सफर छानच पण त्याच्या टँकमध्ये ब्रूक निघालंय आणि व्हेल्वेटची शंका पुरती गेलेली नाही, त्यामुळे ह्या वेळी मी कॉपरच म्हणेन.

बुडबुडा

सगळ्यांचे खूप आभार, इतकं डिटेलमध्ये कोणी सांगत नाही. क्लाऊन दोन्ही वेगळे काढले, मोठीला गोड्या पाण्याची डिप दिली, फॉर्मलिन उद्या सकाळी हातात येईल. कॉपर चिलेटेडच निघालं, चेकर येईपर्यंत हात लावत नाही. अजून दोन प्रश्न. डिस्प्ले त्याच खोलीत आहे, दोन टँकमध्ये हातभर अंतर, जाळी वगैरे वेगळी आहे, तिकडे जाऊ शकतं का? आणि डोळ्यावर किंवा कल्ल्यात फ्लूक असतात म्हणतात त्याचं कॉपरने होतं का?

प्रवाळताई

हातभर अंतर कमी आहे. एअर स्टोनचे बुडबुडे फुटताना बारीक तुषार उडतात, त्यातून व्हेल्वेट शेजारच्या टँकमध्ये पोचू शकतं, म्हणून तीन मीटर तरी लांब ठेवतात लोक. जमत नसेल तर क्यूटीवर नीट बसणारं झाकण टाक. आधी डिस्प्लेचं काम उरकायचं, मग क्यूटीचं, उलटं कधीच नाही, आणि कोपरापर्यंत हात धुऊन कोरडे करायचे. सायफनचा पाइप, रिफ्रॅक्टोमीटरचा ड्रॉपर, नोरीची क्लिप हे पण वेगळं ठेव, जाळीचं सगळ्यांच्या लक्षात राहतं ह्यांचं राहत नाही. ग्रामा आणि गोबीवर आत्ता काही नसेल तर त्यांना छेडू नकोस. तिथे ठिपके निघालेच तर मात्र सगळे मासे बाहेर आणि डिस्प्ले बिनमाशाचा, ७६ दिवस हा जुना सुरक्षित आकडा, पाणी २७ च्या आसपास ठेवलं तर ४५ पुरतात असं आता बरेच जण म्हणतात. मी ७६ च करते, कोरलना काही फरक पडत नाही, घाई आपल्यालाच असते.

फ्लूक हे जंत आहेत, कॉपरचं काम नाही. त्याला प्राझिक्वांटेल, लिटरला अडीच मिलिग्रॅम, म्हणजे तुझ्या शंभर लिटरला पाव ग्रॅम, आणि ५ ते ७ दिवसांनी परत एकदा कारण अंड्यांना ते लागत नाही, बाहेर आलेली पिल्लं दुसऱ्या डोसला सापडतात. आहेत की नाहीत हे बघायचं तर गोड्या पाण्याची डिप काळ्या टबात दे. माशावर असताना ते पारदर्शक असतात, काही दिसत नाही, गोडं पाणी लागलं की पांढरे पडून सुटतात आणि काळ्या तळावर तिळाएवढे दिसायला लागतात. टँगचं कॉपर आधी उरकू दे, तो नीट खातोय तोवर एका वेळी एकच औषध.

बुडबुडा

बरं. झाकण टाकलं. मोठी क्लाऊन रात्री गेली. लहानाची पहिली आंघोळ आज झाली, तीस मिनिटं ठेवला, धाप लागली नाही, संध्याकाळी ब्राइन श्रिंप खाल्लं. टँगच्या छातीच्या परावर पहाटे टॉर्चने बघितलं, चार-पाच ठिपके परत आलेत, स्किमरवाला म्हणाले तसंच. हे सगळं उरकल्यावर क्यूटीतला हीटर आणि स्पंज डिस्प्लेला वापरता येईल का?

स्किमरवाला

हीटर काचेचा असेल तर व्हिनेगरने पुसून, गोड्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून चालेल. स्पंज नाही, तो कॉपर धरून ठेवतो, कोरलच्या पाण्यात त्याला जागा नाही. त्याच्यावर मार्करने क्यूटी लिही आणि वेगळ्या डब्यात ठेव. ठिपके परत आले ना, आता चेकर कधी येतोय ते सांग.

बुडबुडा

उद्या दुपारपर्यंत.